परिच्छेद १४ मधली मुंगी

मे महिन्यातली दुपार. कूलरमध्ये दुसऱ्यांदा पाणी भरून मी टेबलाशी बसले आणि परिच्छेद १४ वर अडकले, ती पार संध्याकाळपर्यंत.

मी कोर्टाच्या कागदांचे अनुवाद करते. खरेदीखतं, फेरफार, जबान्या, पंचनामे, मृत्युपत्रं. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या हायकोर्टात इंग्रजी चालतं आणि कागद येतात ते काटोल, उमरेड, रामटेक, सावनेरकडून, मराठीत. यावेळी मात्र वाट उलटी होती. याचिका इंग्रजीत होती आणि ज्यांच्याविरुद्ध होती ते काटोलकडचे संत्रा बागायतदार, वय सत्तरीचं, शिक्षण मराठी शाळेत सातवीपर्यंत. उत्तर देण्याआधी आपल्यावर काय काय आरोप आहेत ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं होतं. म्हणून त्यांच्या वकिलांनी कागद माझ्याकडे पाठवले. (गाव, माणसांची ओळख पटेल असं सगळं मी इथे बदललं आहे. शब्द तेवढा तोच आहे.)

भांडण धुऱ्याचं. दोन वावरांच्या मधला धुरा, म्हणजे बांध, कुणी सरकवला, यावरून खालच्या कोर्टापासून सुरू झालेलं. परिच्छेद १४ मध्ये लिहिलं होतं की अमुक तारखेला सकाळी प्रतिवादी क्रमांक तीन हे आपल्या 'मिर्मिडन्स'ना घेऊन धुरा ओलांडून याचिकाकर्त्याच्या वावरात शिरले.

मिर्मिडन्स. इतक्या वर्षांत हा शब्द कोर्टाच्या कागदात मला तीन-चारदाच भेटला असेल. जुन्या वळणाचं इंग्रजी लिहिणारे वकील तो वापरतात. शब्दकोश उघडला तर पटकन अर्थ मिळतो: धन्याचा हुकूम काहीही न विचारता पाळणारा माणूस, हस्तक, भाडोत्री दांडगा. मी पेन्सिलीने 'गुंड' लिहिलं आणि लगेच खोडलं. याचिकेत मारहाणीचा एकही आरोप नव्हता. 'गुंड' लिहिलं असतं तर मूळ कागदात नसलेला गुन्हा माझ्या हातून कागदावर आला असता. 'माणसं' लिहिलं तर मूळ कागदातला डंख नाहीसा होतो, आणि डंख लपवला तर बिचाऱ्या प्रतिवादीला कळणारच नाही की उत्तर कशाला द्यायचं आहे. अनुवाद करणाऱ्याने शिवी गोड करायची नसते, कडूही करायची नसते.

आणखी एक कारण होतं. त्या सकाळी धुऱ्यावर त्यांच्यासोबत कोण होतं ते मला माहीत होतं. कागद द्यायला ते स्वतः आले तेव्हा त्यांचा सालदार बरोबर होता. मी आत बोलावलं तरी तो पायरीवरच टेकला, तांब्यातलं पाणी वरून प्यायला, आणि उन्हातून आलेल्या माणसाचा श्वास खाली बसेपर्यंत काही बोलला नाही. बावीस वर्षं एकाच घरी. दर पाडव्याला साल ठरायचं, थोडं रोख, थोडं धान्य, आणि बावीसही पाडवे त्याच अंगणात. कागदांची चळत बघून त्याने मला एकच गोष्ट विचारली.

"ताई, यात माह्यं नाव कुठी हाय?"

नव्हतं. अख्ख्या ४० पानांत नव्हतं. परिच्छेद १४ मधला तो अनेकवचनी शब्द म्हणजे तो.

तेव्हा मी त्याला "बघून सांगते" एवढंच म्हटलं. आणि त्या संध्याकाळी अनुवाद बाजूला ठेवून एमएच्या वर्षी बर्डीच्या फुटपाथवरून घेतलेलं, ग्रीक कवी होमरचं 'इलियड' काढून बसले. पुठ्ठा गेलेला, पानं पिवळी, पण सोळावं पर्व शाबूत.

मिर्मिडन या शब्दाच्या पोटात मुंगी आहे. ग्रीक भाषेत मुंगीला मिर्मेक्स म्हणतात. रोमन कवी ओव्हिड याने ही कथा विस्ताराने सांगितली आहे. एजिना नावाच्या बेटावर आयाकोस राजा राज्य करत होता. तो देवांचा राजा झ्यूस याचा मुलगा, आणि बेटाला त्याच्या आईचं नाव, म्हणून झ्यूसची बायको हेरा हिचा त्या बेटावर राग. तिने रोगराई पाठवली. आधी कुत्री, पाखरं, गुरं मेली. नांगराला जुंपलेले बैल तासातच कोसळले. मग माणसं. प्रेतं जाळायला माणूस उरेना. आयाकोस ओकच्या एका पवित्र झाडाखाली उभा राहिला. खोडाच्या सालीवरून मुंग्यांची रांग चालली होती, तोंडात आपल्याहून मोठे दाणे, पण वाट न सोडता. त्याने झ्यूसला विनवलं, "या जितक्या आहेत तितकी माणसं मला दे, माझं रिकामं नगर भर." रात्री स्वप्नात ते झाड हललं, मुंग्या जमिनीवर पडल्या, वाढत गेल्या, सरळ उभ्या राहिल्या, माणसं झाल्या. सकाळी जाग आली तर दाराबाहेर गलका, आणि स्वप्नातलीच माणसं समोर. त्याने त्यांचं नाव ठेवलं मिर्मिडन.

इथवरची गोष्ट मला कॉलेजपासून पाठ होती. विसरले होते ते पुढचं. त्या माणसांचं राजाने काय केलं? ओव्हिड सांगतो की ज्यांचे कसणारे मरून गेले होते ती ओस पडलेली शेतं राजाने त्यांना वाटून दिली, आणि नगरातली घरंही. आणि त्यांचा स्वभाव कसा? काटकसरी, कष्टाला न थकणारी, मिळवलेलं जपून ठेवणारी. म्हणजे पहिले मिर्मिडन हे वावर कसणारे लोक होते. धुऱ्याच्या भांडणातल्या कागदात तो शब्द शिवी म्हणून आलेला बघताना हे वाचलं आणि मी पुस्तक उलटं ठेवून बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले.

आयाकोसचा मुलगा पेलियस पुढे थेसलीतल्या फ्थिया प्रांतात गेला. पेलियसचा मुलगा अकिलीस. ट्रॉयच्या लढाईत अकिलीस जी फौज घेऊन गेला ती मिर्मिडनांची. पन्नास जहाजं, प्रत्येक जहाजात पन्नास माणसं, म्हणजे अडीच हजार. त्यांवर पाच सरदार, आणि पाचांचीही नावं होमरने दिली आहेत. इंग्रजीत हा शब्द निष्ठावंत सैनिक म्हणून आला तो या कथेतून.

पण निष्ठा म्हणजे कसली? शब्दकोश म्हणतो, काहीही न विचारता. होमर असं म्हणत नाही. ग्रीकांचा सरसेनापती ॲगमेम्नॉन याने अपमान केला म्हणून अकिलीस रुसून आपल्या तंबूत बसतो आणि त्याच्याबरोबर अडीच हजार माणसंही बसून राहतात. किनाऱ्यावर थाळ्या फेकतात, भाले फेकतात, नेमबाजी करतात, घोडे रथांजवळ गवत चघळत उभे. तिकडे बाकीचे ग्रीक मरत असतात. मग सोळाव्या पर्वात अकिलीसचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस रडत येतो, अकिलीस त्याला आपलं चिलखत देतो आणि फौजेला उभं करून बोलतो. त्या भाषणात तो काय सांगतो? तो आठवण करून देतो की माझा राग चालू होता तोवर तुम्ही प्रत्येकाने मला दोष दिलात. तुम्ही म्हणालात, पेलियसच्या पोरा, तू निर्दय आहेस, तुझ्या आईने तुला दुधाऐवजी पित्त पाजलं, इच्छा नसताना आम्हाला इथे अडकवून ठेवलंस, त्यापेक्षा आपण घरी जाऊ या. घोळक्या-घोळक्याने तुम्ही हे बोलायचात, असं तोच सांगतो. आणि मग म्हणतो, आता लढाई आली आहे, चला.

म्हणजे ज्यांचं नाव इंग्रजीत मुकाट्याने हुकूम पाळणाऱ्याला पडलं, ते लोक धन्याच्या तोंडावर बोलत होते. त्याचं चुकतंय हे त्यांना कळत होतं आणि ते म्हणत होते. तरीही सोडून गेले नाहीत. होमर तर या पर्वात त्यांची तुलना मुंग्यांशी करतच नाही. आधी लांडग्यांशी करतो आणि नंतर रस्त्याकडेच्या गांधीलमाश्यांशी, पोरांनी खोड काढल्यावर घर राखायला झुंडीने उठणाऱ्या.

शब्द खाली घसरला तो नंतर. सतराव्या शतकापर्यंत इंग्रजीत त्याला भाडोत्री दांडग्याचा वास लागला. फ्रान्सिस ग्रोस नावाच्या गृहस्थांनी १७८५ मध्ये लंडनच्या रस्त्यावरच्या बोलीचा कोश काढला. त्यात मिर्मिडन म्हणजे कॉन्स्टेबलचे मदतनीस, पहारेकरी वगैरे. 'कायद्याचे मिर्मिडन' हा शब्दप्रयोग मग पोलिसांना आणि जप्तीला येणाऱ्या बेलिफांना चिकटला. आपल्या वकिलांच्या इंग्रजीत तो आला तो बहुधा त्याच काळाच्या पुस्तकांतून.

घसरण्याचं कारण काय असावं यावर मी बरीच रात्र विचार केला. मला वाटतं ते अनेकवचनात आहे. हा शब्द एकट्याने क्वचितच येतो. आपल्याकडेही बघा: चेलेचपाटे, बगलबच्चे, टोळभैरव. सगळे घोळक्याने येतात. एकेकाला वेगळं काढून नाव विचारलं तर तो कुणाचा तरी मुलगा निघतो, त्याला गाव असतं, मत असतं. घोळक्याला मत नसतं असं धरलं की शिवी द्यायला सोपं जातं. टोळभैरव शब्दाचं तर मला फार वाईट वाटतं. भैरव म्हणजे शंकराचं रूप, काशीचा कोतवाल, क्षेत्राचा राखणदार. त्याला टोळ जोडला आणि राखणदाराचा उनाड झाला. वानरसेनेचंही तेच. समुद्रावर सेतू बांधणाऱ्यांचं नाव आज आपण गोंधळ घालणाऱ्या पोरांना देतो.

ग्रीक कथांतून इंग्रजीत आलेले बाकीचे अनुयायीही मी त्या आठवड्यात चाळून काढले. मद्याचा देव डायोनायसस याच्या मागे रानात धावणाऱ्या बायका म्हणजे मीनॅड; शब्दाचं मूळ 'वेडावणे' या धातूत. इंग्रजीत आज तो बेभान बाईला लावतात. हा शब्द मला कधी आवडला नाही, त्यावर जास्त लिहीत नाही. मेंटॉर सगळ्यांना माहीत आहे. ओडिसियसने ट्रॉयला जाताना ज्याच्यावर घर सोपवलं तो हा मित्र. पण खुद्द होमरच्या 'ओडिसी'त त्याचं फारसं काही चालत नाही. ओडिसियसच्या मुलाला धीर देते ती अथेना देवी, मेंटॉरचं रूप घेऊन. आज कंपन्यांत मिरवणारा अर्थ त्याला आला तो फेनेलॉन या फ्रेंच लेखकाच्या १६९९ च्या पुस्तकामुळे. अकेटीस हा ट्रॉयचा वीर एनिअस याचा सोबती, रोमन कवी व्हर्जिलच्या काव्यातला. तो अनेकदा 'विश्वासू अकेटीस' म्हणून येतो, आणि जुन्या इंग्रजीत जिवाभावाच्या साथीदाराला ते नाव देत.

पायलाडीसजवळ मात्र मी थांबले. ओरेस्टीसचा मित्र. ग्रीक नाटककार एस्किलसचं इसवी सन पूर्व ४५८ मधलं नाटक आहे, त्यात हा पायलाडीस मित्राबरोबर रंगमंचावर येतो आणि गप्प. प्रसंगामागून प्रसंग जातात, हा गप्प. वडिलांच्या खुनाचा सूड घ्यायला आलेला ओरेस्टीस आईसमोर उभा राहतो आणि त्याचा हात थबकतो. तो वळून विचारतो, पायलाडीस, मी काय करू? तेव्हा तो बोलतो. तीन ओळी. अपोलो देवाची आज्ञा आणि घेतलेल्या शपथा यांची आठवण करून देतो, आणि पुन्हा शांत होतो. अख्ख्या नाटकात त्याच्या वाट्याला तीनच ओळी. तो सल्ला बरोबर होता का, यावर लोक अडीच हजार वर्षं वाद घालत आहेत. पण विचारलं तेव्हा त्याने उत्तर दिलं.

आणि युमेअस. ओडिसियसचा डुकरं राखणारा गडी. त्याच्या नावावरून इंग्रजीत एकही शब्द झाला नाही, याची मला खंत वाटते. मूळचा तो राजाचा मुलगा. लहानपणी दासीने व्यापाऱ्यांच्या हाती दिला, त्यांनी विकला. धनी वीस वर्षं घरी नाही, धन्याच्या घरात आगंतुक येऊन बसलेत, रोज एक जनावर मागवून खातात. युमेअसने धन्याच्या माघारी स्वतः दगड वाहून कुंपण घातलं, आत बारा खोपट्या बांधल्या, प्रत्येकीत पन्नास माद्या. बाहेर नर ३६०. आगंतुक खाऊन खाऊन उरलेले. होमर आकडे देतो, कारण युमेअसने हिशोब ठेवला आहे. पावसाळी, गार रात्री पाहुण्याला चुलीजवळ अंथरूण देऊन हा स्वतः जाड घोंगडं, भाला घेऊन बाहेर डुकरांजवळ निजायला जातो. आणि तो पाहुणा म्हणजेच वेश पालटलेला धनी, हे त्याला माहीत नाही. होमर युमेअसचं सांगताना मध्येच थेट त्याच्याशी बोलतो, 'मग तू म्हणालास, युमेअस' असं. कवीचा जीव आहे त्याच्यावर. संत्र्याच्या बागेत राखणीला निजणाऱ्या माणसाला मी पायरीवर पाणी पिताना बघितलं होतं, त्यामुळे हे पान वाचताना मला दुसरं कुणी दिसेना.

हे सगळं मी बाबांना सांगितलं. बाबा ८१ वर्षांचे आहेत. धंतोलीतल्या एका वकीलसाहेबांकडे ते ३८ वर्षं मुन्शी होते. महालातून सायकलवर निघायचे, मागे लाल कापडात बांधलेला बस्ता. कोर्टाच्या तारखा, स्टॅम्प, नकला, कोणत्या टेबलावर कोणता कागद थांबलाय, सगळं तोंडपाठ. मी शाळेत असताना एका लग्नाच्या पंगतीत कुणीतरी त्यांना 'वकिलांचा हुजऱ्या' म्हणालं होतं. सगळ्यांसमोर. आईने घास खाली ठेवला. बाबा जेवत राहिले. हुजऱ्या म्हणजे हुजुरात उभा राहणारा, मोठ्या माणसासमोर हात बांधून. मला त्या शब्दाचा अर्थ दुसऱ्या दिवशी शाळेतल्या बाईंकडून कळला आणि मी रडले.

जे मला तेव्हा माहीत नव्हतं ते नंतर आईने सांगितलं. एकदा एका अर्जाची मुदत गेली होती. वकीलसाहेबांनी बाबांना आदल्या दिवसाची तारीख टाकायला सांगितली. बाबा म्हणाले, साहेब, हे मी नाही करणार. आवाज चढले. बाबा बस्ता टेबलावर ठेवून घरी आले आणि दोन दिवस गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी वकीलसाहेब स्वतः महालात आले, ओसरीवर बसले, चहा घेतला. उशीर माफ करण्याचा रीतसर अर्ज त्यांनी केला होता, तो टाइप करायचा राहिला होता. बाबा शर्ट घालून त्यांच्याबरोबर गेले. वकीलसाहेब वारले तेव्हा त्यांच्या मुलांच्या बरोबरीने खांदा द्यायला बाबा होते.

अनेकवचनात घातलेल्या माणसांची एक गोष्ट नागपुरातही घडली आहे, आणि ती बाबांनीच मला लहानपणी गांधी गेटखाली उभं करून सांगितली होती. त्या दरवाजाचं जुनं नाव जुम्मा दरवाजा. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली, डिसेंबरात आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या स्वाधीन झाले. पण त्यांच्या पदरचे अरब शिपाई महालातून हलेनात. धनी हरला तरी ते लढत राहिले. इंग्रजांनी या दरवाजावर हल्ला केला तो त्यांनी परतवला, आणि शेवटी आपल्या अटी मान्य करून घेऊनच डिसेंबरअखेर ते शहराबाहेर पडले. इतिहासात ते 'अरब' एवढंच. एकाचंही नाव मी आजवर वाचलेलं नाही. उलट काळी मारबत बघा. मिरवणुकीतला हा बाईचा पुतळा १८८१ पासून दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघतो, आणि तो भोसले घराण्यातल्या, इंग्रजांना मिळालेल्या बाकाबाईंचा म्हणून इथे सांगतात. दगा देणाऱ्याचं नाव शहराने मिरवणूक काढून जपलं. राखणाऱ्यांचं कुठे गेलं?

बाबांनी मांडीवरचं वर्तमानपत्र बाजूला केलं. "काय लिहून राहिली तू त्या जागी?"

मी सांगितलं. गुंड खोडलं, माणसं खोडलं, हस्तक लिहिलंय पण मन घेत नाही. हस्तकात कारस्थानाचा वास येतो. मला पाईक शब्द फार आवडतो, तुकाराम महाराजांनी पाईकाचे अभंगच लिहिलेत, स्वामीसाठी जीव ओवाळणाऱ्या शिपायावर. पण तो शब्द गौरवाचा. याचिकाकर्त्याला गौरव करायचा नव्हता.

बाबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "हुकमाचे ताबेदार लिही."

मला आधी कसं सुचलं नाही? जुन्या मोडी कागदांपासून चालत आलेला शब्द. त्यात गुन्हा नाही, हिणवणं मात्र आहे: सांगितलं की करणारा, स्वतःचं डोकं नसलेला. मूळ इंग्रजी शब्द आज ज्या अर्थाने वापरतात तेवढाच, बरोबर मापाचा. मी परिच्छेद १४ पुरा केला. 'प्रतिवादी क्रमांक तीन हे आपल्या हुकमाच्या ताबेदारांना घेऊन.' खाली खरा अनुवाद असल्याचं लिहून सही केली.

चार दिवसांनी दोघे पुन्हा आले. पहाटेच्या गाडीने आले होते, चौकात तर्री पोहे खाऊन. मी परिच्छेद मोठ्याने वाचला. बागायतदारांचा चेहरा लाल झाला. सालदार यावेळी आत खुर्चीवर बसला होता. त्याने मला ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग धन्याकडे बघून म्हणाला, "त्या दिशी मी काय म्हटलं होतं मालक? सांगा ना ताईले."

मालक थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी सांगितलं. त्या सकाळी ते रागाने धुऱ्यावर निघाले तेव्हा याने त्यांची वाट अडवली होती. मालक, भांडू नका, मोजणी आणा, सरकारी माणूस टेप लावील तवाच खरं-खोटं होईल, असं म्हणाला होता. मालक ऐकले नाहीत. मग हा त्यांच्या मागून गेला, कारण एकट्याला कसं सोडायचं. धुरा ओलांडलाच नाही, दोघेही अलीकडेच उभे होते, असं दोघांचंही म्हणणं.

मी म्हटलं, हे वकिलांना सांगितलंत का? नव्हतं सांगितलं. कुणी विचारलंच नव्हतं. मी तिथूनच वकिलांना फोन लावला.

पुढच्या आठवड्यात सालदाराचं स्वतःचं शपथपत्र माझ्याकडे आलं, मराठीत, इंग्रजी करायला. पहिल्याच ओळीत त्याचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, वय, गाव. व्यवसाय: सालदारी. मोजणीची गोष्ट चौथ्या परिच्छेदात, त्याच्याच शब्दांत. व्यवसायाच्या रकान्यात इंग्रजीत काय लिहावं हे मी बघत बसले. शेतमजूर म्हणावं तर मजूर रोजंदारीवरही असतो. नोकर म्हणावं तर पाडव्याचा करार त्यात येत नाही. शेवटी मी तो शब्द तसाच ठेवला, फक्त रोमन लिपीत, आणि खाली टीप दिली: वर्षाच्या कराराने एका शेतकऱ्याकडे काम करणारा, साल गुढीपाडव्याला ठरतं.

शपथपत्रावर त्याने अंगठा दिला नाही. सही केली. अक्षरं मोठी, जोडाक्षरापाशी पेन जरा थांबलेला दिसतो.